सणाची गोळी

बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात एक धडा असा आहे, की तो जवळ आला की शिक्षकांना खोकला होतो. कुणाची किरकोळ रजा निघते, कुणाला अचानक मागचा धडा पुन्हा शिकवावासा वाटतो, आणि बहुतेक जण "सोपा आहे, घरी वाचून या" म्हणून मोकळे होतात. पोरं घरी वाचतातही. पुस्तक नाही, मोबाईल.

मी कोल्हापुरात, कसबा बावड्याच्या बाजूच्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. यंदा मे महिन्यात निवृत्त झाले. माहेर कागल तालुक्यातलं, जैन शेतकऱ्याचं. आमच्या घरी ताटात कांदा-लसूण नसायचा आणि बोलण्यात हा विषय नसायचा. दोन्ही नियम सारखेच कडक. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आईनं हातात कापड दिलं आणि "आता पोरांच्यात खेळायचं न्हाई" एवढंच सांगितलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे मला पुढं कॉलेजात कळलं. म्हणून असेल, पण प्रजननाचा हा धडा मी कधी गाळला नाही. त्यात माझा आवाज मोठा. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर खिडक्या लावून घ्यायचे. मी म्हणायची, "सर, उघड्या ठेवा की. तुमच्या पोरांनाबी ऐकायचं असतं, उगीच उकाड्यात कोंडू नका त्यांना."

बाहेरच्या माणसाला वाटतं, या विषयात शिकवायचं काय असतं? वेळ आली की सगळ्यांना कळतं. अहो, कळत नाही. चुकीचं कळतं, आणि ते फार महागात पडतं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना प्रश्न असतात. ते आम्हाला विचारत नाहीत, आईबापाला तर नाहीच नाही. मोबाईलला विचारतात. मोबाईल लाजत नाही, रागावत नाही आणि घरी सांगत नाही. आता त्यांच्या हातातला मोबाईल मी कुठवर हिसकावणार? तेव्हा ठरवलं, विचारायचंच आहे तर बाबांनो, नीट विचारायला शिका. आणि दर वर्षी सहामाही झाली की मी 'शोधाचा तास' घ्यायला लागले.

त्याची रीत साधी होती. आधी आठवडाभर प्रयोगशाळेच्या दारात एक पत्र्याचा डबा ठेवायचा. ज्याला जे विचारायचंय ते चिठ्ठीवर लिहून टाकायचं, नाव घालायचं नाही. नको त्या वयात, नको तेव्हा दिवस जाऊ नयेत म्हणून काय करायचं असतं, या विषयावरचं काहीही. मग कॉम्प्युटरच्या खोलीत दोघादोघांनी बसायचं, एक चिठ्ठी उचलायची आणि नेटवर उत्तर शोधायचं. पुढच्या तासाला माझ्या ओळखीच्या एक डॉक्टरबाई यायच्या. पोरांनी सापडलेलं वाचून दाखवायचं, आणि बाईंनी खरं-खोटं करायचं.

फळ्यावर मी तीन प्रश्न लिहून ठेवायची. कोण सांगतंय? काय विकतंय? आणि त्याला कुणी सांगितलं? पहिल्या दोन प्रश्नांतच निम्मा कचरा निघून जातो. गळ्यात स्टेथोस्कोप घालून मोठमोठ्यानं बोलणारा माणूस शेवटी चूर्णाची डबी दाखवतो, हे पोरांना एकदा दिसलं की ती खदाखदा हसतात. तिसरा प्रश्न अवघड असतो. तिथं मोठमोठी माणसं गडबडतात.

पहिल्या वर्षी तर निराळीच तऱ्हा झाली. पोरांनी भलतंसलतं बघू नये म्हणून कॉम्प्युटरच्या सरांनी नेटला चाळणी बसवली होती. 'गर्भ' शब्द टाकला की पडदा बंद. आरोग्य खात्याची माहिती उघडेना, आणि ताकदीच्या औषधांच्या जाहिराती मात्र खुशाल नाचत होत्या, कारण त्यांत 'गर्भ' शब्दच नव्हता. मी कपाळावर हात मारून घेतला. सर बिचारे घाम पुसत म्हणाले, "मॅडम, मी चांगल्यासाठीच केलं हो." चांगल्यासाठी केलेल्या गोष्टींशी माझं पुढं बरंच भांडण व्हायचं होतं.

चिठ्ठ्या कशा असायच्या म्हणाल तर, "पपई खाल्ली की झालं ना?" "पहिल्यांदा काही होत नाही म्हणतात, खरं का?" एक चिठ्ठी मला फार आवडली होती. वाकड्या अक्षरात, पोराचंच अक्षर ते: "गोळी पोरीनं घ्यायची, तर पोरानं काय करायचं?" ती मी मोठ्यानं वाचली. मागच्या बाकावर खसखस पिकली. मी म्हटलं, "हसतोस काय? या खोलीत सगळ्यात शहाणा प्रश्न हाच आहे." मग निरोध म्हणजे काय, तो गर्भही टाळतो आणि रोगही, हे सगळं निघालं. अठराच्या आत कायदा काय म्हणतो ते निघालं. 'नको' म्हटलं की तिथंच थांबायचं, हेही निघालं. पोरं कान देऊन ऐकत होती. ज्या दिवशी पोरं हसायची थांबतात, त्या दिवशी खरा तास सुरू होतो.

पालक यायचे भांडायला. एकदा एक पालक थेट कॉम्प्युटरच्या खोलीत शिरले. धिप्पाड माणूस, डोक्याला फेटा. आमचा शिपाई मागून "पावणं, बसा, पाणी घ्या" करतोय, आणि हे माझ्यावर गरजतायत, "आमच्या पोरींस्नी ह्ये शिकवाय पाठवलंय व्हय? बिघडतील की पोरी!" मीही काही कमी नव्हते. खुर्ची ओढली आणि म्हटलं, "बसा इथं. पोरीनं कुठला प्रश्न विचारू नये असं तुम्हाला वाटतं, तो टाईप करा. बघू काय निघतंय." गृहस्थ बसले. मग इकडंतिकडं बघून अगदी हळू म्हणाले, "मॅडम, एक इचारू? बाप्यानं आपरेशन केलं तर ताकद जाती, ह्ये खरं हाय का?" मी हसले नाही. जात नाही म्हणून सांगितलं, आणि कुणी सांगितलंय ते पडद्यावर दाखवलं. त्यांच्या बायकोला तीन बाळंतपणांत फार त्रास झाला होता, हे त्यांनी जाताना दारात सांगितलं. पोरीचा विषय परत काढलाच नाही.

पण ज्या तासासाठी मी हे लिहायला बसले, तो गेल्या वर्षीचा, दसऱ्यानंतरचा.

सानिका नावाची बारावीतली पोरगी होती. बडबडी, हुशार, सगळं आधीच माहीत असणारी. तिची थोरली बहीण प्रणाली, तीही माझीच विद्यार्थिनी. वय एकोणीस. प्रणालीला पोलीस भरतीत उतरायचं होतं. बावड्याच्या मैदानावर उजाडायच्या आत ती पळायला हजर असायची. मी फिरायला जायची तेव्हा ती माझ्या शेजारून सपकन जायची आणि पुढं जाऊन ओरडायची, "नमस्कार मॅडम!" वडील साखर कारखान्यात हंगामी कामाला. आई शालन, दोन म्हशींवर घर चालवणारी बाई. अंगानं किडकिडीत, पण जीभ कोल्हापूरची.

प्रणालीला शाहूवाडीकडचं स्थळ आलं. भातशेतीचं घर, पोरगा नोकरीला, माणसं वाईट नव्हती. वडिलांनी होकार भरला. लग्नाच्या बैठकीत बायका आत असतात, चहा पाठवतात. शालन बाहेर आली आणि पाहुण्यांच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "पोरगी दिली म्हणून समजा. पर तिला एक भरती द्यायची. एकदा मैदानावर उतरू द्यायचं." पुरुष माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. शेवटी नवऱ्या मुलाच्या आईनं आतूनच उत्तर दिलं, "एक म्हंजे एकच. लागली तर लागली, न्हाईतर गप संसार करायचा." शालन म्हणाली, "एकच." उन्हाळ्यात लग्न झालं. हे सगळं मला सानिकानं सांगितलं होतं, आईची नक्कल करून, छाती फुगवून.

तर त्या दिवशी सानिका आणि तिची मैत्रीण ऋतुजा यांच्या हाताला चिठ्ठी लागली: "सणाची गोळी चालू असली की दिवस जात नाहीत, हे खरं का?"

सणाची गोळी म्हणजे काय, ते आमच्याकडच्या बायकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. गौरी आल्या की नव्या सुनेचा पहिला ओवसा असतो. सूप सजवून ती गौरीपुढं ठेवते, साऱ्या भावकीच्या बायका बघायला येतात. मग नवरात्रात घट बसतात. त्या दिवसांत सुनेला 'अडचण' येऊन चालत नाही. म्हणून पाळी पुढं ढकलायची गोळी. घरातली मोठी बाई मेडिकलमध्ये जाते आणि "सणाची गोळी द्या" म्हणते. दुकानदार पाकिटातून कात्रीनं हव्या तेवढ्या गोळ्या कापतो, कागदी पुडीत घालतो, देतो. डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही, विचारपूस नाही.

सानिकानं चिठ्ठी वाचली आणि हात झटकले. "मॅडम, ह्यात शोधायचं काय? खरंच हाय की ते. आमची आक्का तीच घेती. गौरीला घेतली, नवरात्रात घेतली. सणाचंबी काम होतं आणि भरतीपर्यंत पाळणाबी लांबतो. आईनंच सांगितलंय तिला." आणि दप्तरातून पुडी काढून तिनं टेबलावर ठेवली. "ही बघा, दिवाळीसाठीची. उद्या शाहूवाडीला जाणाऱ्या पावण्यांच्या हातानं धाडायची हाय."

हे खरं नाही, मला ठाऊक होतं. पण मी सांगून उपयोग नसतो, हे या धंद्यात पक्कं शिकले होते. मॅडमनं सांगितलं ते परीक्षेपुरतं. स्वतः शोधलं ते जन्माचं. मी म्हटलं, "तू म्हणतेस ते खरं असेल. शोध आणि दाखव मला."

दोघी बसल्या. थोड्या वेळात सानिका विजयी मुद्रेनं ओरडली, "मॅडम, पाच ठिकाणी लिवलंय! पाळी येत न्हाई म्हणजे गर्भ ऱ्हाईत न्हाई." मी फळ्याकडं बोट दाखवलं. तिसरा प्रश्न. या पाच जणांना कुणी सांगितलं? आता पोरीनं नाक मुरडलं, पण पुन्हा बसली. ऋतुजाच्या आधी लक्षात आलं. पाचही ठिकाणी मजकूर तोच होता, वाक्यच्या वाक्य उचललेलं. एकानं दुसऱ्याचं घेतलेलं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं, आणि शेवटचा माणूस घरपोच गोळ्या विकत होता. ऋतुजा म्हणाली, "म्हंजे पाच जणांनी न्हाई, एकट्यानंच सांगितलंय हे."

"मग गोळीचं नाव टाका, आणि औषध बनवणारा काय म्हणतो ते वाचा," मी म्हटलं. पुडी उघडली. आत कापलेल्या गोळ्या. पाकिटावर नाव होतं तो भाग दुकानातच राहिला होता. एवढ्यात पुढचा तास लागला आणि डॉक्टरबाई आल्या. त्यांनी तो तुकडा हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "यावरून मी काही सांगणार नाही. आधी पूर्ण पाकीट बघून या."

मी सानिकाला घेऊन, पुडी जिथून आणली होती त्या समोरच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानदारानं पूर्ण पाकीट काढून दाखवलं. मी विचारलं, "ही देताना तुम्ही काही सांगता का हो बायकांना?" तो सरळ म्हणाला, "मॅडम, सणात लाईन लागलेली असती. त्या इचारत न्हाईत, आमी सांगत न्हाई." खोटं बोलला नाही, एवढंच त्याचं कौतुक.

परत येऊन सानिकानं नाव टाकलं. औषधासोबत देतात ती माहिती उघडली. इंग्रजीत होती. ती एकेक ओळ वाचत होती आणि मराठीत सांगत होती. ही गोळी गर्भनिरोधक नाही. गोळी सुरू करण्याआधी दिवस गेले नाहीत ना, हे बघावं. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी यावी. नाही आली तर तपासणी करावी. डॉक्टरबाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "पाळी पुढं ढकलणं वेगळं आणि गर्भ न राहू देणं वेगळं. गर्भनिरोधक गोळी निराळी असते. ती डॉक्टरला विचारून सुरू करायची, आणि रोज न चुकता घ्यायची. बाकीही साधनं आहेत, सांगते. पण ही ती नव्हे."

वर्ग लिहून घेत होता. सानिका लिहीत नव्हती. तिनं ती पुडी मुठीत घट्ट धरली होती. तास सुटला तशी माझ्याजवळ आली. तोंड एवढंसं झालेलं. "मॅडम, तुमच्या मोबाईलवरनं आक्काला लावता?"

आम्ही व्हरांड्यात गेलो. मी फोन मोठ्या आवाजावर टाकला. पलीकडं भांड्यांचा आवाज, बायकांचं बोलणं. सानिकानं विचारलं, "आक्का, दसरा झाल्यावर आली का गं तुझी?"

"न्हाई अजून."

"आणि गौरीनंतर?"

"तवाबी न्हाई. अगं, गोळी अंगात मुरली की उशीर होतो. आई म्हणली की तसं."

"मळमळतंय का तुला?"

"उपासानं जरा झालंय. का गं? असं का इचारतीस?" मग तिचा आवाज हळू झाला. बहुतेक ती परसात आली असावी. "सानू, काय झालंय?"

सानिकानं फोन माझ्याकडं केला. मी म्हटलं, "प्रणाली, मी मॅडम बोलतेय. उद्या अंबाबाईच्या दर्शनाचं निमित्त काढून ये. आधी डॉक्टरबाईंकडं जाऊ."

ती आली. बाईंनी तपासलं. दिवस गेले होते. गौरीच्या सुमारासच गेले होते. पाळी येत नव्हती ती गोळीमुळं नव्हे, आणि तिघी मायलेकी समजत होत्या की गोळी आपलं काम चोख करतेय.

डॉक्टरबाईंनी प्रणालीला एकटीला आत घेतलं, दार लावलं, आणि तिला कायद्यानं काय काय मोकळीक आहे ते सगळं नीट समजावलं. निर्णय तिचा, सही तिची, घाई नाही. ती बाहेर आली. मला वाटलं रडेल. रडली नाही. फक्त विचारलं, "मॅडम, मैदान कधी निघंल?" मैदानी चाचणी कधी निघेल ते मला कुठलं माहीत? पण ज्या महिन्यांत निघायची शक्यता होती, त्या महिन्यांत ती पळू शकणार नव्हती, हे आम्हा दोघींना कळत होतं. एक भरती. शब्द एका भरतीचा होता.

तिनं विचार करायला चार दिवस मागितले. घरी गेल्यावर नवऱ्याला सांगितलं. नवरा साधा माणूस, हरखून गेला, त्यानं आईला सांगितलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत पेढे वाटून झाले. पेढे वाटायच्या आधी कुणी विचारलं असतं, तर ती काय म्हणाली असती, मला ठाऊक नाही. तिनं मूल ठेवलं. तो तिचा निर्णय होता असंच मी समजते, आणि तरीही तो विषय निघाला की मला धड झोप लागत नाही.

दोन-तीन दिवसांनी शालन कॉलेजात आली. मला वाटलं, भांडायला आली. माझ्या पोरीकडनं हे काय काय शोधून घेता म्हणेल. मीही पदर खोचून तयार होते. ती खुर्चीवर टेकली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मॅडम, गोळी मीच दिली. जावई घेऊन दील का, सासू घेऊन दील का, म्हणून इथनं धाडत हुते मी. पोरीची भरती हुईस्तवर काय नगं म्हणून. माझ्या हातानंच की ओ झालं हे." मग म्हणाली, "माझ्या आईनं मला दिली हुती. तिनं सांगितलं, ही घेतली की काळजी न्हाई. मला काय ठावं, ती कशाची काळजी म्हणत हुती?"

सरांनी चाळणी चांगल्यासाठी बसवली होती, हिनं गोळी चांगल्यासाठी दिली होती. रागवायचं कुणावर? मी तिला चहा पाजला. कप खाली ठेवून ती म्हणाली, "तुमी पोरींचा तास घेता, झ्याक करता. पर घरात गोळी पोरगी आणत न्हाई. आमी आणतो. आमचा तास कवा घेणार?"

इतकी वर्षं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, याची हळहळ वाटते.

मी निवृत्त झाले, पण प्राचार्यांच्या मागं लागून यंदाच्या श्रावणात, गौरीच्या आधी, कॉलेजच्या हॉलमध्ये शुक्रवारचं हळदीकुंकू ठेवलं. आयांना निरोप दिला: येताना घरात असतील त्या गोळ्यांच्या पुड्या घेऊन या, कुठल्याही. बायका आल्या. नुसत्या आल्या नाहीत, नटून आल्या. हळदीकुंकू झालं, मसाला दूध झालं. मग टेबलावर सगळ्यांनी पुड्या मोकळ्या केल्या. पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या, कात्रीनं कापलेल्या, नाव नसलेल्या. डॉक्टरबाई एकेक उचलून विचारायला लागल्या, "ही कशाची?" कुणी म्हणे डोकेदुखीची, कुणी म्हणे बहुतेक प्रेशरची, कुणी नुसतंच खांदे उडवी. हसणं हळूहळू थांबलं. आयांचा खरा तासही असाच सुरू होतो, हे मला तेव्हा कळलं. सानिका कॉम्प्युटरपाशी बसून नावं शोधून दाखवत होती.

"आणि सणाची?" बाईंनी विचारलं. बऱ्याच जणींनी पुढच्या महिन्याची आत्ताच आणून ठेवली होती. तेवढ्यात शालन उठून उभी राहिली. बैठकीत उभी राहिली असेल तशीच, सगळ्यांच्या मधोमध.

"मी सांगतो ती कशाची हाय," ती म्हणाली. आमच्याकडं बायकाही करतो-सांगतो असंच बोलतात. "ती पाळी थांबवती. पोर थांबवत न्हाई. ह्ये मला ठावं नव्हतं. माझ्या पोरीच्या हक्काची एक भरती हुती. भरल्या बैठकीत मागून घेतली हुती मी. आणि मीच घालवली." ती खाली बसली नाही. "तुमी घालवू नगा."

मागच्या भिंतीपाशी प्रणाली बसली होती. बाळंतपणाला माहेरी आलेली, मांडीवर दोन महिन्यांची पोरगी. ती उठली, बायकांच्या मधून वाट काढत पुढं आली.

"आई, तू काय म्हणालीस बैठकीत? पोरगी मैदानावर एकदा उतरंल, असंच ना?"

"व्हय."

"मी उतरले का?"

शालननं नकाराची मान हलवली.

"मी मैदानावर गेलेच न्हाई. माझी भरती झालीच न्हाई," प्रणाली म्हणाली. "डॉक्टरबाई म्हणल्यात, अजून थोडा दम धर, मग पळायला सुरुवात कर. आता कुठली गोळी, कुठलं साधन, तेबी मी त्यांनाच इचारून ठरवलंय. मला एवढंच सांग, ती एक शिल्लक हाय का न्हाई?"

शाहूवाडीची ती सासू काय म्हणेल, मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि हे लिहिताना तिचं उत्तर अजून यायचंय.

शालननं डोळे पुसले. पदर कमरेला खोचला. पुढं होऊन नात प्रणालीच्या हातातून आपल्या खांद्यावर घेतली.

"शिल्लक हाय," ती म्हणाली. "तुझी सासू घरात कवा असती?"